एकाच साइटचे चार आकडे : ट्रॅफिकचा हिशेब कुठवर जुळवायचा आणि कुठे सोडून द्यायचा

महिन्याच्या दोन-तीन तारखेला कुणा ना कुणा साइटमालकाचा मेसेज येतोच. एक स्क्रीनशॉट, दुसरा स्क्रीनशॉट, तिसरा स्क्रीनशॉट आणि खाली एकच ओळ : "यातला खरा कुठला?"

या लेखापुरती आपण मराठी पाककृतींची एक साइट धरू. आकडे मी कल्पून घेतले आहेत, पण चित्र ओळखीचं वाटेल. गेल्या महिन्यात गूगल अ‍ॅनालिटिक्स म्हणतं ४१,००० सेशन, म्हणजे भेटी. सर्च कन्सोल, म्हणजे गूगलच्या शोधात साइट कशी चालते ते दाखवणारं गूगलचंच टूल, म्हणतं ३४,००० क्लिक. एचरेफ्स, म्हणजे कुठल्याही साइटचा बाहेरून अंदाज बांधणारं टूल, म्हणतं, गूगलवरून येणारं ट्रॅफिक ९,०००. होस्टिंगच्या पॅनलवर दिसतात १ लाख १० हजार व्हिजिट. मालकाला अर्थातच शेवटचा आकडा आवडलेला असतो आणि जाहिरातदाराने नेमका तिसरा पाहिलेला असतो.

गावच्या जत्रेला किती माणूस आलं, हे विचारून पाहा. एसटीचा कंडक्टर फाडलेली तिकिटं सांगेल. महाप्रसादवाले उठलेल्या पत्रावळ्या सांगतील. वेशीवर मोजणी करणारा पोरगा वेशीतून जो जो आत गेला तो मोजेल, त्यात दूधवाला तीनदा आणि शेळ्या दोन. आणि जिल्ह्याच्या गावी बसलेला एखादा जाणकार, जत्रेला न येताच, "एवढ्या एवढ्या बसा लागल्या म्हणजे अंदाजे इतके" असं सांगेल. यातलं कुणीही खोटं बोलत नाही. सर्च कन्सोल हा तिकिटं मोजणारा कंडक्टर, पण एकाच कंपनीच्या बसचा. अ‍ॅनालिटिक्स म्हणजे पत्रावळ्या : जो जेवायला बसला तेवढाच मोजला. होस्टिंगचं पॅनल वेशीवरचा पोरगा. एचरेफ्स, सेमरश, सिमिलरवेब हे जिल्ह्याच्या गावचे जाणकार.

तेव्हा "खरा कुठला" हा प्रश्न बाजूला ठेवू. कुठल्या दोन आकड्यांची तुलना होऊ शकते, त्यांत किती फरक चालतो आणि कुठला फरक म्हणजे खरोखर काहीतरी बिघडलंय, हे आपण क्रमाने बघू. कागद-पेन घ्या, नाहीतर कोरी शीट उघडा.

पायरी १ : आकड्याला नाव द्या

"ट्रॅफिक" हा शब्दच या सगळ्या घोळाचं मूळ आहे. एक बाई फोनवर पुरणपोळी शोधतात, तुमच्या दुव्यावर टिचकी मारतात, कृती वाचतात आणि तिथूनच कटाच्या आमटीच्या पानावर जातात. सर्च कन्सोलमध्ये हा १ क्लिक. अ‍ॅनालिटिक्समध्ये १ युजर, १ सेशन, २ पेजव्ह्यू. सर्व्हरच्या लेखी मात्र फोटो, फॉन्ट, स्टाइलच्या फायली धरून पन्नास-साठ हिट सहज होतात. संध्याकाळी त्याच बाईंनी लॅपटॉपवर पान उघडलं, तर अ‍ॅनालिटिक्सला त्या दुसऱ्याच कुणीतरी वाटतात आणि युजर २ होतात.

म्हणून शीटमध्ये प्रत्येक आकड्यापुढे त्याचं एकक लिहा. निम्मी भांडणं इथेच मिटतात. आणि एक करू नका : रोजच्या युजरची बेरीज करून महिन्याचे युजर काढू नका. रोज येणारी वाचक त्या बेरजेत तीसदा मोजली जाते, महिन्याच्या आकड्यात एकदाच. शिवाय अ‍ॅनालिटिक्स ४ (सध्याची आवृत्ती) युजर आणि सेशन एकेक करून मोजतच नाही. मोठ्या संख्यांसाठी ते हायपरलॉगलॉग नावाची अंदाजी पद्धत वापरतं, त्यामुळे एकाच अवधीचे दोन रिपोर्टही शेवटच्या काही आकड्यांत वेगळे दिसतात. त्यामागे धावण्यात अर्थ नाही.

पायरी २ : घड्याळं जुळवा

ही पायरी लोक गाळतात आणि मग आठवडाभर डोकं धरून बसतात.

सर्च कन्सोलचा दिवस कॅलिफोर्नियाच्या घड्याळाने सुरू होतो. तिथल्या उन्हाळी वेळेनुसार मध्यरात्र होते तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेबारा वाजलेले असतात, हिवाळ्यात दीड. याचा अर्थ काय, ते गणेश चतुर्थीच्या उदाहरणाने बघा. २०२५ साली चतुर्थी २७ ऑगस्टला होती. उकडीचे मोदक कधी शोधले जातात? आदल्या दिवशी आणि त्याच दिवशी सकाळी, नैवेद्याच्या आधी, उकड हाताला चिकटलेली असताना. ती २७ तारखेची सगळी सकाळ सर्च कन्सोलने २६ तारखेत टाकली. अ‍ॅनालिटिक्सचं घड्याळ भारतीय असेल तर तिथे मात्र तीच सकाळ २७ तारखेला दिसते. दोन आलेख शेजारी ठेवले की शिखरं एकमेकांवर बसत नाहीत आणि कुणीतरी म्हणतं, "टूल बिघडलं." बातम्यांच्या साइटवाल्यांचं नशीब थोडं बरं : २०२५ चा दहावीचा निकाल १३ मे रोजी दुपारी १ वाजता लागला, म्हणजे कॅलिफोर्नियात १३ तारीख उजाडून जेमतेम अर्धा तास झाला होता.

सर्च कन्सोलमध्ये शेवटच्या २४ तासांचा तासागणिक आलेख तुमच्या स्थानिक वेळेत दिसतो, पण रोजच्या आकड्यांना तो उपयोगाचा नाही. अ‍ॅनालिटिक्समध्ये अ‍ॅडमिनखाली प्रॉपर्टीच्या तपशिलात टाइमझोन बघून घ्या. घाईत उघडलेल्या खात्यांत अमेरिकेतलं एखादं शहर तसंच राहिलेलं मी अनेकदा पाहिलंय. तो बदलला तरी फरक पुढच्या आकड्यांनाच पडतो, मागचे जुने तसेच राहतात. बदलल्याची तारीख शीटमध्ये लिहून ठेवा.

दोन नियम पाळा. एक, तुलना दिवसाची करू नका, किमान २८ दिवसांची करा. कडेचे बारा-तेरा तास मग जाणवत नाहीत. दोन, ताजे दिवस सोडा. अ‍ॅनालिटिक्सचा हिशेब पूर्ण व्हायला एक-दोन दिवस लागतात, सर्च कन्सोलला दोन-तीन. महिना संपल्यावर चार-पाच तारखेला बसलात तर दोन्हीकडचं पीठ नीट मळलेलं मिळतं.

आणि जुन्या वर्षाशी तुलना करताना : जुनं युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्स १ जुलै २०२३ पासून साध्या खात्यांसाठी बंद झालं. त्यात मध्यरात्री सेशन तुटायचं, वाचक नव्या कॅम्पेनच्या दुव्यावरून आला तरी नवं सेशन धरलं जायचं. अ‍ॅनालिटिक्स ४ मध्ये तसं होत नाही. तेव्हाचे सेशन आणि आताचे सेशन एका आलेखात जोडू नका.

पायरी ३ : टॅग नीट बसलाय का

फरकाची कारणं शोधण्याआधी मोजणारा, म्हणजे पानात बसवलेला मोजणीचा कोड (टॅग), जागेवर आहे ना, ते बघा.

साइटचं एक पान उघडा, पेज सोर्स बघा आणि तुमचा मापन क्रमांक शोधा, तोच जो "जी" आणि आडव्या रेघेने सुरू होतो. टॅग मॅनेजर (सगळे टॅग एका जागेवरून बसवायचं गूगलचं टूल) वापरत असाल तर क्रमांक तिथे असेल. तो दोन ठिकाणी सापडला, म्हणजे एकदा प्लगइनने आणि एकदा टॅग मॅनेजरने किंवा थीममध्ये हाताने चिकटवलेला, तर शंकेला जागा आहे. गूगलचं टॅग असिस्टंट चालवून एका पानाला पेजव्ह्यू एकदाच जातोय का ते तपासा.

दुहेरी टॅग ओळखायची एक खूण आहे. अ‍ॅनालिटिक्स ४ मध्ये १० सेकंदांपेक्षा जास्त टिकलेलं, किंवा दोन पानं पाहिलेलं, किंवा ठरवलेली महत्त्वाची कृती घडलेलं सेशन "एंगेज्ड" धरतात. प्रत्येक पान दोनदा मोजलं जात असेल, तर एक पान बघून लगेच पळालेला माणूसही दोन पानं पाहिल्यासारखा दिसतो आणि एंगेजमेंट रेट शंभराला टेकतो. ९८-९९ टक्के एंगेजमेंट बघून पेढे वाटू नका, आधी टॅग मोजा.

उलट बाजूनेही बघा. होमपेज, एखादी कृती, वर्गवारीचं पान, शोधाचं पान, जुना लेख असे पाच प्रकार निवडून प्रत्येकावर टॅग आहे याची खात्री करा. थीम बदलली की एखाद्या प्रकारच्या पानांवरून टॅग गायब होतो आणि दोन-तीन महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

पायरी ४ : अ‍ॅनालिटिक्ससमोर सर्च कन्सोल

खरी तुलना होऊ शकते ती याच जोडीची, म्हणून इथे वेळ घालवा.

आपल्या उदाहरणातले ४१,००० आणि ३४,००० समोरासमोर ठेवायचे नाहीत. ४१,००० मध्ये सगळे आले : व्हॉट्सअ‍ॅपवरून, फेसबुकवरून, बुकमार्कवरून. ट्रॅफिक अ‍ॅक्विझिशनचा रिपोर्ट उघडा, सेशन सोर्स / मीडियम निवडा. "ऑरगॅनिक सर्च" (जाहिरातीविना शोधातून आलेले) हा चॅनेलही घेऊ नका, कारण त्यात बिंग, याहू, डकडकगो सगळे बसतात आणि सर्च कन्सोलला गूगलशिवाय कुणी ठाऊक नाही. "गूगल / ऑरगॅनिक" ही एकच ओळ घ्या. समजा ती २९,५०० निघाली. आता तुलना आहे २९,५०० सेशन आणि ३४,००० क्लिक यांची.

सर्च कन्सोलकडे जास्त आणि अ‍ॅनालिटिक्सकडे कमी, हे नेहमीचं चित्र. का?

क्लिक गूगलच्या पानावर मोजला जातो, सेशन तुमच्या पानावर. मधे रस्ता आहे. तालुक्याच्या बाजारपेठेत नेटवर्क एका काडीवर आलंय, टिचकी मारली, पांढरं पान फिरत राहिलं, वाचक कंटाळून मागे गेला. क्लिक मोजला गेला, अ‍ॅनालिटिक्सची स्क्रिप्ट उतरलीच नाही. जड साइटवर ही गळती मोठी असते. मग जाहिराती अडवणारी एक्स्टेन्शन आणि ब्रेव्हसारखे ब्राउझर, जे अ‍ॅनालिटिक्सला मुळातच दारात उभं करत नाहीत. युरोपातले मराठी वाचक असतील तर कुकीची परवानगी नाकारणारेही आले.

पीडीएफ हा स्वतंत्र विषय आहे. सराव प्रश्नपत्रिका, शासन निर्णय, दिवाळी अंकाच्या जुन्या फायली असलेल्या साइटवर वाचक गूगलवरून थेट पीडीएफ उघडतो. सर्च कन्सोल तो क्लिक मोजतं. पीडीएफमध्ये स्क्रिप्ट चालत नाही, त्यामुळे अ‍ॅनालिटिक्सला तो माणूस आला हेच कळत नाही. सर्च कन्सोलच्या पानांच्या यादीत पीडीएफची पानं गाळून पाहा. काही साइटवर सगळा फरक तिथेच सापडतो.

आता उलट दिशा, कारण ती कुणी सांगत नाही. काही पानांवर अ‍ॅनालिटिक्सचे सेशन क्लिकपेक्षा जास्त असतात, आणि पाककृतींच्या साइटवर तर हमखास. बाईंनी पुरणाची कृती उघडली, डाळ कुकरला लावली, फोन ओट्यावर ठेवला. चाळीस मिनिटांनी पुरण घोटताना परत तेच पान वर-खाली केलं. अर्धा तास हालचाल नसली की सेशन संपतं, ही अ‍ॅनालिटिक्सची मूळ मर्यादा. त्यामुळे हे दुसरं सेशन झालं, आणि तेही गूगलच्याच खात्यावर. क्लिक एकच. अशा साइटवर सेशनची मर्यादा एक-दोन तासांपर्यंत वाढवावी असं माझं मत आहे. डेटा स्ट्रीममध्ये टॅगच्या सेटिंगमध्ये ती वाढवता येते.

दुसरं असं की, अ‍ॅनालिटिक्स थेट आलेल्या भेटीचं श्रेय आधीच्या माहीत असलेल्या स्रोताला देतं. सोमवारी गूगलवरून आलेली वाचक बुधवारी बुकमार्कवरून आली, तर ते सेशनही "गूगल / ऑरगॅनिक" म्हणून नोंदलं जाऊ शकतं. आणि गूगलच्या एकाच पानावरून कुणी तुमच्या दुव्यावर आलं, मागे गेलं, पुन्हा त्याच दुव्यावर आलं, तर सर्च कन्सोल तो एकच क्लिक धरतं.

तिसरं, फोटो. सर्च कन्सोलचा रिपोर्ट उघडल्यावर दिसतो तो "वेब" प्रकार. इमेज सर्चवरून आलेले क्लिक बघायला प्रकार बदलावा लागतो. डिस्कव्हर (फोनवर गूगल न शोधता आपणहून सुचवतं ती लेखांची यादी) आणि गूगल न्यूज यांचे तर रिपोर्टच वेगळे. अ‍ॅनालिटिक्स हे असं वेगळं करत नाही. डिस्कव्हरवर चालणाऱ्या बातम्यांच्या साइटने फक्त "वेब" बघितलं, तर अर्धा गाव मोजायचा राहील.

जुळवणीचं प्रत्यक्ष काम असं करा :

सर्च कन्सोलमध्ये गेला पूर्ण महिना, देश भारत, टॅब पानांचा. पहिली वीस पानं उतरवून घ्या. अ‍ॅनालिटिक्समध्ये लँडिंग पेजचा (वाचक आधी उतरला त्या पानाचा) रिपोर्ट, तोच महिना, तोच देश, सोर्स "गूगल / ऑरगॅनिक". तीच वीस पानं शेजारी लिहा. एकूण आकड्यांपेक्षा ही वीस पानं जास्त बोलतात. सतरा पानांवर फरक सारखाच आणि तीन पानांवर अचाट, असं दिसलं की त्या तिघांकडे बघा : तिथे टॅग नाही, किंवा पत्ता बदललाय, किंवा एकाच कृतीची दोन पानं आहेत. सर्च कन्सोल क्लिक मूळ मानलेल्या पत्त्यावर जमा करतं, अ‍ॅनालिटिक्स प्रत्यक्ष उघडलेला पत्ता लिहितं. त्यामुळे जुळ्या पानांचा हिशेब नेहमी फिसकटतो.

इथे सगळे अडखळतात ती जागा म्हणजे शब्दांची यादी. सर्च कन्सोलमधल्या सगळ्या शोधशब्दांचे क्लिक बेरजेला घेतले, तर वरच्या एकूण क्लिकपेक्षा ते कमी भरतात. फार थोड्या लोकांनी शोधलेले शब्द गूगल खासगीपणासाठी लपवतं, आणि स्क्रीनवर यादी हजार ओळींपुरतीच असते. शब्दाचा फिल्टर लावला की लपवलेले शब्द एकूणातूनही गळतात. मराठीत लोक शोधतात ते लांब आणि नाना तऱ्हांनी लिहून, म्हणून आपल्याकडे हा लपलेला भाग मोठा असतो. बेरीज शब्दांची करू नका, पानांची करा.

पायरी ५ : होस्टिंगचा लाखाचा आकडा

यात फार वेळ घालवायचा नाही. सीपॅनलमधलं एडब्ल्यूस्टॅट्स किंवा क्लाउडफ्लेअरचा आलेख सर्व्हरकडे आलेल्या मागण्या मोजतो, आणि त्यांत यंत्रं असतात : गूगलबॉट, बिंगबॉट, एचरेफ्स आणि सेमरशचे स्वतःचे बॉट, एआय कंपन्यांचे बॉट, लॉगिनच्या पानावर पासवर्ड चाचपणारे चोर. ओळखीचे बॉट वेगळे दाखवले जातात, पण माणसाचा मुखवटा लावून येणारे दाखवले जात नाहीत. शिवाय ही मोजणी बहुतेक आयपी पत्त्यावर चालते. मोबाइल नेटवर्कवर शेकडो लोक एका पत्त्यामागे असतात आणि एकाच माणसाचा पत्ता दिवसात दोनदा बदलतो.

हा आकडा कुणाला दाखवण्याचा नाही. साइट का मंदावली, होस्टिंगचा प्लॅन का पुरत नाही, कुठला बॉट रोज दहा हजार पानं चाटून जातो, यासाठी मात्र याच्यासारखा साक्षीदार नाही.

पायरी ६ : एचरेफ्स आणि सेमरशचे ९,००० आले कुठून

इथे मालक सगळ्यात जास्त दुखावतात, म्हणून हिशेब मांडूनच दाखवतो.

या टूलांना तुमच्या साइटच्या आत काहीही दिसत नाही. त्यांच्याकडे शोधशब्दांचं एक भांडार आहे. त्यातला प्रत्येक शब्द ते गूगलवर टाकून कोण कितव्या क्रमांकावर आहे ते नोंदवतात. मग गुणाकार : शब्द महिन्याला समजा १०,००० वेळा शोधला जातो, तुम्ही तिसरे, तिसऱ्याला दहा टक्के क्लिक मिळतात असं गृहीत धरलं, तर १,००० भेटी. अशा सगळ्या शब्दांची बेरीज म्हणजे तुमचं "ऑरगॅनिक ट्रॅफिक". गुणाकारातली तिन्ही पदं अंदाजाची.

पहिलं पद : भांडारात शब्द आहे का? मराठीत घोडं इथेच पेंड खातं. "कोथिंबीर वडी" कुणी दीर्घ वेलांटीने लिहितं, कुणी ऱ्हस्व, कुणी रोमन अक्षरांत, आणि कुणी "वडी कशी करायची" असं बोलून शोधतं. "तिखटमिठाच्या पुऱ्या" यातला "ऱ्य" तर संगणकावर दोन वेगळ्या तऱ्हांनी टंकला जातो : एकदा नुक्त्याच्या "ऱ" ने, एकदा साध्या "र" ला अदृश्य जोडणारं चिन्ह लावून. डोळ्यांना तंतोतंत सारखे, यंत्राला दोन निराळे शब्द. इंग्रजीसाठी जमवलेल्या भांडारात असे शेकडो शब्द नसतातच, आणि जो शब्द भांडारात नाही त्याचं ट्रॅफिक टूलच्या लेखी शून्य.

दुसरं पद : शोधांची संख्या. ती साधारणपणे वर्षभराची मासिक सरासरी असते. तिळगुळाचे लाडू जानेवारीत, पुरणपोळी होळीला, मोदक भाद्रपदात, चकली-अनारसे दिवाळीच्या आधी. सरासरी या सगळ्याला वर्षभर सपाट पसरते. म्हणून भाद्रपदात टूल तुमच्या निम्म्यावर असतं आणि ज्येष्ठात तुमच्या दुप्पट दाखवतं, तरी दोन्ही वेळा त्याचा हिशेब त्याच्या परीने बरोबर असतो. गूगलचा कीवर्ड प्लॅनरही (जाहिरातदारांना शोधांची संख्या सांगणारं टूल) जवळपासचे शब्द एका गठ्ठ्यात बांधून गोळाबेरीज आकडे देतो, आणि तो या उद्योगाचा एक मोठा कच्चा माल आहे.

तिसरं पद : क्रमांकावरून क्लिक. गूगलच्या पानावर वर एआयचं उत्तर, मग व्हिडिओ, मग कृतींच्या चित्रांची ओळ आली, की पहिला क्रमांकही दुसऱ्या पडद्यावर जातो. सरासरी वक्राला ते प्रत्येक शब्दासाठी कळत नाही.

आणि जे या हिशेबात येतच नाही ते वेगळंच : डिस्कव्हर, व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, तुमच्या साइटचा पत्ता टंकून थेट येणारे. भारताऐवजी अमेरिकेचं भांडार निवडलेलं राहिलं, तर उरलंसुरलंही गेलं. सेमरश-एचरेफ्स उघडल्यावर आधी कोपऱ्यातला देश बघा.

सिमिलरवेबचा आणि सेमरशच्या ट्रॅफिक अ‍ॅनालिटिक्सचा मार्ग निराळा. ते काही लोकांच्या ब्राउझिंगचा नमुना घेऊन त्यावरून सगळ्यांचा अंदाज बांधतात. मोठ्या वृत्तसंस्थेच्या साइटसाठी तो ठीक उतरतो. महिना तीस-चाळीस हजारांच्या मराठी साइटसाठी त्या नमुन्यात तुमचे वाचक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असू शकतात, आणि तेवढ्यावरून वर्तवलेला आकडा पावसाच्या अंदाजासारखाच घ्यावा.

मग ही टूल कशाला? तुलनेला. माझी साइट आणि स्पर्धकाची साइट दोन्ही त्याच तराजूत आहेत, तराजू खोटा असला तरी दोघांनाही तितकाच. कुठल्या शब्दांवर तो वर आहे आणि आपण नाही, सहा महिन्यांत त्याचा आलेख कुठे वळला, हे या टूलांशिवाय कळायचा मार्ग नाही. स्वतःच्या साइटचं ट्रॅफिक यात बघणं म्हणजे घरी वजनकाटा असताना शेजाऱ्याला "माझं वजन किती वाटतं" असं विचारणं.

पायरी ७ : "डायरेक्ट"चा ढीग उपसा

अ‍ॅनालिटिक्समध्ये "डायरेक्ट" फुगलेलं असेल, तर ते सगळे पत्ता टंकून आलेले भक्त नव्हेत. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपमधला दुवा दाबला की आपण कुठून आलो हे बहुतेकदा सोबत येत नाही. मराठी साइटचा मोठा प्रसार तर तिथेच होतो. उपाय सोपा आणि कंटाळवाणा : स्वतः पाठवता त्या प्रत्येक दुव्याला यूटीएम, म्हणजे वाचक कुठून आला ते सांगणारी शेपटी, लावा, सोर्समध्ये व्हॉट्सअ‍ॅप, मीडियममध्ये सोशल. नावं एकदाच ठरवा, कारण छोटं आणि मोठं अक्षर अ‍ॅनालिटिक्सला वेगळं वाटतं. साइटच्या आतल्या दुव्यांना मात्र यूटीएम कधीही लावू नका. त्याने मूळ स्रोताचा हिशेब बिघडतो.

आणि स्वतःला वगळा. दिवसातून तीस वेळा आपलीच साइट उघडून बघणारे मालक कमी नाहीत. अंतर्गत ट्रॅफिकचा फिल्टर लावा आणि तो चाचणीत न ठेवता सुरू करा. ही शेवटची गोष्ट लोक विसरतात.

पायरी ८ : गुणोत्तराची वही

आता मुख्य काम. दर महिन्याच्या पाच तारखेला दोन भागाकार लिहा.

गूगल / ऑरगॅनिक सेशन भागिले सर्च कन्सोलचे क्लिक : २९,५०० ÷ ३४,००० = ०.८७.
टूलचा अंदाज भागिले सर्च कन्सोलचे क्लिक : ९,००० ÷ ३४,००० = ०.२६.

हे ०.८७ चांगलं की वाईट, असा प्रश्न नाही. ही तुमच्या साइटची प्रकृती आहे. एखाद्या साइटची ०.७५ असते, पाककृतींच्या एखाद्या साइटची १ च्या वर. चार-पाच महिने ती स्थिर राहिली, की तुम्हाला नाडी कळली. मग बिघाड लगेच ओळखू येतो.

पहिलं गुणोत्तर एकाएकी ०.६ वर आलं : टॅग कुठल्यातरी पानांवरून पडलाय, नवी थीम आलीय, किंवा कुणीतरी परवानगीची पट्टी बसवलीय. एकाएकी १.५ झालं : बॉटची शंका घ्या. गुणोत्तर तेच पण दोन्ही आकडे खाली : हे खरं घसरणं आहे, आता शब्द आणि पानं बघायला बसा. फक्त टूलचा आकडा कोसळला आणि सर्च कन्सोल जागेवर : टूलने भांडार किंवा हिशेबाची रीत बदलली असेल, झोपून जा.

सप्टेंबर २०२५ मध्ये या वहीने अनेकांची झोप वाचवली असती. गूगलने एका पानावर शंभर निकाल मागवण्याची सोय बंद केली. क्रमांक तपासणारी टूल ती सर्रास वापरत होती, आणि त्यांनी मागवलेल्या खालच्या क्रमांकांची इम्प्रेशन, म्हणजे निकालात दिसल्याच्या नोंदी, सर्च कन्सोलमध्ये जमा होत होती. ती थांबल्याबरोबर असंख्य साइटची इम्प्रेशन पडली आणि सरासरी क्रमांक मात्र सुधारला. क्लिक होते तिथेच होते. ज्यांची वही क्लिकवर होती त्यांना काही झालं नाही. ज्यांनी इम्प्रेशनचा आलेख मालकाला महिनोन् महिने अभिमानाने दाखवला होता, त्यांना तो पडल्याचा खुलासा करत बसावं लागलं.

पायरी ९ : कुणाला कुठला आकडा सांगायचा

लेख कुठल्या विषयावर लिहायचे हे ठरवताना सर्च कन्सोलची पानं आणि शब्द. आलेले वाचक पुढे काय करतात, कुठून येतात, किती थांबतात, यासाठी अ‍ॅनालिटिक्स. स्पर्धक बघायला एचरेफ्स किंवा सेमरश, दोन्ही नको, एकच, आणि तेच कायम. होस्टिंग निवडताना सर्व्हरचे आकडे.

जाहिरातदार किंवा प्रायोजक येतो तेव्हा त्याने सिमिलरवेबवर तुम्हाला आधीच पाहिलेलं असतं आणि तो आकडा तुमच्या सांगण्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा असतो. वाद घालू नका, स्क्रीनशॉटही पाठवू नका. स्क्रीनशॉट कुणीही बनवतं हे त्यालाही माहीत आहे. कुठला महिना, कुठलं एकक, कुठलं टूल हे एका ओळीत लिहा : "ऑगस्ट, अ‍ॅनालिटिक्स ४, सेशन, भारत." मग हवं तर त्याच्या ईमेलला अ‍ॅनालिटिक्समध्ये फक्त पाहण्याची, म्हणजे व्ह्यूअरची परवानगी द्या. ती देताना खाली महसुलाचे आकडे लपवण्याची खूण असते. साइटवरून काही विकत असाल तर ती करायला विसरू नका, आणि बोलणी संपली की नाव काढून टाका.